दाराच्या आतल्या बाजूने

दार उघडायच्या आधी
आम्ही सत्तर जणी चौकटीत रचल्या जातो
फडताळातल्या बशांसारख्या,
हिची हनुवटी तिच्या खांद्यावर.
ब्लेकली शिट्टी फुंकते.
मग टाळ्या, मग आरोळी,
मग आमच्या घराची तीन ग्रीक अक्षरं.
त्यातलं मधलं मला अजून नीट काढता येत नाही.

बाहेर ऑगस्ट, अलाबामातला,
केस विंचरून ठेवावेत आणि त्यानं ते खाली बसवावेत असा.
हिरवळीवर मुलींची रांग,
हातात बॅटरीचे इवले पंखे,
पिशवीत सपाट चपला, चिकटपट्ट्या, जास्तीचं लिपस्टिक.
त्यांच्या आधीच येऊन पोचलेली असतात
कुणा मावशीची, कुणा शेजारणीची पत्रं:
मुलगी चांगल्या घरातली आहे.
चर्चमध्ये गाते. मोठ्यांना मान देते.
मागच्या वर्षी मी होते त्या रांगेत.
माझ्या पत्रात लिहिलं होतं, हसतमुख आहे.
तेव्हापासून हसतेच आहे.

एकीला बारा मिनिटं.
राजकारण नको, देव नको, मुलगे नकोत, दारू नको,
पैसा तर नकोच नको.
मग उरतात कुत्री.
त्या आठवड्यात मी अठ्ठ्याऐंशी कुत्र्यांची नावं ऐकली
आणि प्रत्येकाला म्हटलं, अय्या, किती गोड.

टॅन्सी प्रुएट कुत्र्यावर बोलली नाही.
म्हणाली, आमची माशांची तळी आहेत, कॅटफिशची.
बाबा रात्री दोनला उठून पाण्यातली हवा मोजतात,
मी टॉर्च धरते.
हवा कमी पडली ना, की सगळे मासे वर येतात,
अख्खं तळं असं तोंड उघडतं.
आणि तिनं उघडून दाखवलं,
आमच्या झुंबराखाली, आमच्या पांढऱ्या सोफ्यावर.
मी हसले.
म्हणजे, हसू आलं.
तेवढ्यात पाठीवर दोन बोटं टेकली: वेळ संपली.

रात्री अनवाणी बसून गुण द्यायचे.
फोनवर चेहरा, चेहऱ्याखाली एक ते पाच.
हिला कुणी ओळखतं का?
पत्र एकच आहे, तेही लायब्ररीतल्या बाईंचं.
सँडलला डिंक दिसत होता, कुणीतरी म्हणालं,
आणि लगेच: पण गोड आहे हं.
गोड आहे म्हणजे काय,
ते इथं पहिल्याच आठवड्यात कळतं.
मी चार दाबले होते.
ब्लेकलीनं नुसतं पाहिलं, माझ्याकडेही नाही,
माझ्या अंगठ्याकडे.
तीन केले.
तीन म्हणजे नाही,
फक्त ते म्हणणारं कुणी नसतं.

शेवटच्या दिवशी स्टेडियममध्ये
हजारो मुली आपापल्या लिफाफ्यांवर बसतात,
अंडी उबवावीत तशा.
दहा आकडे मोजतात, फाडतात, किंचाळतात
आणि धावत सुटतात उतारावरून, आमच्याकडे.
आम्ही हात पसरून उभ्या.
माझ्या मिठीत जी आली
तिचं नाव मी तिच्या गळ्यातल्या कार्डावर वाचलं
आणि तिच्या केसांत म्हटलं,
मला ठाऊकच होतं, तूच येणार.
ती रडत होती. मीही रडले होते, गेल्या वर्षी,
अशाच कुणाच्या तरी केसांत.

शुक्रवारी ताटात कॅटफिश होता.
स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिस अर्नेस्टीनला विचारलं, कुठला?
इथलाच, म्हणाली, दक्षिणेकडच्या तळ्यांमधला.
का गं, वास येतोय?
नाही म्हटलं. चांगला आहे.
खाल्ला.

सप्टेंबरात बसथांब्यावर ती दिसली,
पाठीवर दप्तर, पायात तेच सँडल,
आता दोऱ्यानं शिवलेले.
मी फोनमध्ये बघू लागले.
तिनंच येऊन विचारलं, काही मनात न ठेवता,
वाट विचारावी इतक्या साधेपणानं:
तू तीच ना,
जी खरंच हसली होती?

हो म्हणाले.
आणि मग जे दात दाखवले
ते ब्लेकलीनं शिकवलेले होते.