धरणे

या रविवारी पाळी आली त्याच उताऱ्याची.
तळ्याकाठी जाळी धूत बसलेले कोळी,
आणि तो येतो, म्हणतो,
मासे राहू द्या आता, माणसे धरायला शिका.

बावीस वर्षे मी, एन्योनाम, आव्लेकोपेची उपदेशिका,
हा उतारा कुठेही न अडखळता वाचत आले.
पुढच्या बाकावर होडीमालक, इस्त्रीच्या सदऱ्यात.
मागे त्यांच्या बायका, अंगाला माशांच्या धुराचा वास.
आणि दाराबाहेर, चपलांशेजारी,
ती मुले.

त्यांना आम्ही 'पोरे' म्हणतो.
नावे विचारायची रीत नाही.

धरण बांधले तेव्हा मी जन्मले नव्हते.
व्होल्टा नदी पसरली, जंगल जागच्या जागी बुडाले,
झाडे अजून उभी आहेत पाण्याखाली,
काळी, पान नसलेली.
जाळे त्यांच्यात गुंतते.
मोठा माणूस त्या फांद्यांत शिरत नाही,
म्हणून मूल लागते.
सात वर्षांचे असेल तर उत्तम,
नवाव्या वर्षी खांदे रुंद व्हायला लागतात.

अग्बेको म्हणतो, मी त्याला जेवू घालतो, धंदा शिकवतो,
त्याची आई तरी विचारते का?
देवळाचे पत्रे अग्बेकोनेच दिलेत.
पाऊस आला की त्याच्या दानाचा एवढा आवाज होतो
की माझी प्रार्थना मलाच ऐकू येत नाही.

या रविवारी मी पुस्तक मिटले.
म्हटले, सेलोर्म माझ्या बहिणीचा मुलगा.
समुद्रकाठच्या गावाहून मीच त्याला ट्रकमध्ये बसवले,
बहिणीला सांगितले, शाळेत घालते.
अग्बेकोने मला शिवणयंत्र दिले.
पुढच्या हंगामात एका पहाटे
जाळे सुटून वर आले.
सेलोर्म आला नाही.

ही वेदीवरची पांढरी चादर बघा.
त्याच यंत्रावर शिवली आहे.

कोणीतरी खोकले.
एका बाळाला कारण नसताना थोपटले गेले.
अग्बेको उठला, आणि त्याच्यामागे पुढचा अख्खा बाक.
मी दारापाशी गेले, चपलांपाशी,
आणि एकेकाला विचारले, तुझे नाव काय?
दोघांना आठवायला वेळ लागला.

सोमवारी यंत्र डोक्यावर घेऊन
मी अग्बेकोच्या अंगणात उतरवले.
हे घे तुझे. एक मूल दे.
तो हसला. म्हणाला, याची तर सुईसुद्धा मोडलीय, बाई.
खरेच मोडली होती.

मग मी तिथेच बसले, धरणे धरून.
ते लाखो मण पाणी अडवून बसलेय,
मी एक उंबरा अडवला, त्यात काय.
पहिल्या दिवशी मी स्तोत्रे म्हटली.
दुसऱ्या दिवशी नुसती बसले.
तिसऱ्या दिवशी देवाशी भांडले, मोठ्याने, लोक ऐकत होते,
म्हटले, तुझ्या तोंडचा हा शब्द
इथल्या दलालांनी किती नीट पाळलाय बघ.

चौथ्या दिवशी, उजाडण्याआधी,
अग्बेकोच्या बायकोने एडेमला माझ्याकडे ढकलले.
बोलली काही नाही. दार लावून घेतले.
आतून भांडे आपटल्याचा आवाज आला,
मग दुसरे काहीतरी आपटल्याचा.
त्या बाईसाठी काय करायचे, मला अजून ठाऊक नाही.

एक मूल.
परत येताना काठावर होड्या मोजल्या, एकवीस.
शुक्रवारी जिल्ह्याच्या कचेरीत नावांची यादी दिली.
कारकुनाने तिच्यावर चहाचा कप ठेवला.
मी कप उचलून बाजूला ठेवला
आणि बाकावर बसले.
बसता येते मला आता.

देवळाचे पत्रे काढून नेलेत.
एडेम आत बसतो, पहिल्या बाकावर, एकटाच.
बुड्या मारून त्याचा डावा कान गेलाय,
उजव्यातही तळे आहे थोडे.
म्हणून मी खाली उतरते, त्याच्या शेजारी टेकते,
आणि कानाशी तोंड नेऊन पुन्हा तोच उतारा वाचते.

माणसे धरायची म्हणजे कुठे धरायची?
त्याने मध्येच विचारले,
मोठ्याने, बहिरी माणसे बोलतात तसे.

वर उघडे आभाळ होते.
मी त्याचे मनगट सोडून दिले,
आणि तळवा उघडून थांबले.