मधली वेळ

लॉजच्या फळ्यावर खडूनं लिहिलेलं:
पहाटे साडेपाच, पक्षी.
दुपारी तीन, लेणी.
मधल्या वेळेचं काहीच लिहिलेलं नाही.
ती मंगळू भोयेची.

सावळघाटाच्या अलीकडं रस्ता सोडून
जीप सागाच्या पाचोळ्यात चुरचुरत शिरते.
मंगळूचा हात वर होतो. धनेश.
आम्हाला आधी नुसती फांदी दिसते,
मग फांदीला चोच फुटते.

गर्गेबाई, भूगोल शिकवून निवृत्त,
लांबच्या देशात जाऊन आलेल्या.
मोबाईल पुढं करतात:
रानाच्या माथ्यावर आलेली पायऱ्यापायऱ्यांची देवळं,
मुळांनी आवळलेले दगडी चेहरे.
"हे माया लोकांचं."
मंगळू बराच वेळ बघतो.
"माया असेल," म्हणतो,
"नाहीतर झाडानं एवढं धरून ठेवलं नसतं."
बाई हसतात. मग हसायच्या थांबतात.

वळणावर वाघदेव.
उभा दगड, त्यावर वाघ, नाग, सूर्य, अर्धा चंद्र,
शेंदूर ओला, पायाशी कोंबड्याची पिसं.
कॅमेरे निघतात.
कुणीतरी विचारतं, किती शतकं झाली?
"चुलत्यानं घडवलाय माझ्या.
मी तिसरीत होतो.
गावानं नागलीचं एक पोतं कमी दिलं,
म्हणून चंद्र तेवढा राहिला."

दुपारी त्रिरश्मीच्या पायऱ्या.
खाली हायवेचे ट्रक, कारखान्यांचे पत्रे उन्हात पांढरे,
वर गारवा आणि वटवाघळांचा वास.
गर्गेबाई अक्षरांखालून बोट फिरवतात, न टेकवता:
हे दान अमक्याचं.
हे एका कोळ्याचं.
ही पोढी, म्हणजे पाण्याचं टाकं.
मंगळू टाक्यात वाकतो.
पाणी आहे. त्यात त्याची टोपी हलते.

"आणि कोरणाऱ्याला काय दिलं?"

बाई चष्मा पुसतात,
पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचत येतात.
"ते लिहिलेलं नाही रे."
मंगळू केव्हाच कोपऱ्यात गेलेला,
भिंतीवर तळवा ठेवून उभा.
"इथं या. इथं छिन्नी थांबलीय."
आम्ही एकेक जण हात लावून बघतो.
खडबडीत आहे, एवढंच कळतं.
तो मात्र मान हलवत राहतो,
ओळखीचं कुणी भेटावं तसा.

परतताना अंधार.
वळणावर ड्रायव्हर न सांगता दिवे मालवतो,
जीप हळूहळू, चाचपडत पुढं जाते.
मागून कुणाची तरी कुजबुज: बिघडली का?
"नाही," मंगळू म्हणतो,
"त्याच्या डोळ्यांवर उजेड नको.
कामाची वेळ आहे त्याची."