टंच

झेरॉक्सवाल्या मुल्लानं बोटाला थुंकी लावून पानं मोजली.
तीनशे अठरा.
"एवढं काय बोललाय ओ वहिनींशी?"
बिंदू चौकात दुपारचं ऊन, मी गप्प,
आणि मशीनमधून आमचं लग्न
गरम गरम बाहेर पडत होतं
पाठपोट छापलेलं.

त्यात 'पोचलीस का' होतं, 'पोचले' होतं,
चांदीचा भाव होता, नळाला पाणी कधी आलं ते होतं,
जानेवारीतलं भांडण होतं, सलग अकरा पानं.
ती काढू का म्हणून वकिलाला फोन केला
तर म्हणाला, राहू दे,
भांडणाला वजन असतं.

मी हुपरीचा. पैंजणाला डाक लावतो.
आमच्याकडं कुणी चांदी आणून टाकली
तर आणणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाही आम्ही.
कडेनं चिमूटभर रवा काढायचा,
तेजाबात सोडायचा,
मग सांगायचं: सत्तर. साठ.
कधी काहीच सांगायचं नाही, पुडी परत द्यायची.
रवा काढलेली जागा गिऱ्हाइकाला दिसत नाही.
आपल्याला दिसते.

लग्नानंतर एकोणीस दिवस होती त्रिशला घरात.
चार वर्षं झाली त्याला.
चहाच्या गाड्यावर पोरं विचारतात,
"काय धनपाल, बायकोच्या मागनं जाणार?
तिकडं पैंजण घालतंय का कोण?"
मी म्हणतो, बघू.
बघू म्हणजे काय ते मलाही माहीत नाही.

रात्रीच्या गाडीनं मुंबई.
इस्त्रीचा शर्ट मांडीवर घडी घालून नेला,
सकाळी स्टँडच्या संडासात बदलला.
काचेच्या पलीकडं माझ्याहून लहान पोरगा,
कानात पेन अडकवलेला,
त्याच्या शेजारी आपली मराठी बाई, दुभाषी.
फाईल फटीतून आत सरकवली.
त्यानं तिच्यावर हात ठेवला. उघडली नाही.

ती काय काम करते. नर्स.
कुठली पाळी. रात्रीची.
मग खाली बघतच विचारलं,
रात्री जेवते काय?

आमच्या घरात दिवस मावळला की चूल झाकतात.
अक्कानं पंचावन्न वर्षांत
अंधारात पाण्याशिवाय काही घेतलेलं नाही,
आणि आता पाणीही सोडलंय.
त्रिशलानं लग्नात तिच्यासमोर हात जोडून सांगितलं होतं,
मी पण पाळीन.

मी म्हणालो, दहीभात. रात्री दोनला,
ब्रेक मिळाला तर. उभ्या उभ्या, डब्यातनं.
थांबलो.
एकदा कॅन्टीनमधला बटाटा पण खाल्ला.
रडली त्या दिवशी.

दुभाषी बाईनं कागदावर माझं आडनाव परत वाचलं.
मगदूम.
तिला कळलं असणार.
एक क्षण ती काही बोलली नाही,
मग तिनं ते इंग्रजीत घातलं
आणि तिथं ते नुसतं जेवण झालं.
पोरग्यानं मान हलवली,
पासपोर्ट ठेवून घेतला,
फाईल फटीतून परत.

पहाटे सीबीएसवर उतरलो, तिथनं हुपरी.
अक्का दारातच.
"काय काय विचारलं रे?"
"नाव. गाव."
"आणि?"
"लग्न कधी झालं ते."
"एवढ्यासाठी एवढ्या लांब बोलवत्यात?"
"होय की."

दिवसभर भट्टीपाशी बसलो, काम काही झालं नाही.
पावणेसहाला अक्कानं ताट वाढलं,
उन्हं भिंतीवरनं उतरायच्या आत.
तिकडं आत्ता सकाळ,
त्रिशला ड्यूटीचे बूट काढत असेल.

फाईल कपाटावर टाकली, भांड्यांच्या मागं.
तीनशे अठरा पानांत
दहीभात कुठंच नाही.
ते ती फोनवर बोलली होती,
हळू आवाजात,
जणू अक्का पलीकडच्या खोलीत आहे.