फुली

शिवडीच्या वजनकाट्यावरून फोन आला.
पोचले तेव्हा ट्रकांची रांग कोपऱ्यावरून वळलेली,
केबिनमध्ये सखाहरी ढमाले, शर्टाची दोन बटणं उघडी.
"काटा बोलत नाही, मॅडम.
काल फुली मारूनच गेलो. आईशपथ."

मारली होती.
यादी उघडली तर आपला प्रोग्रॅम सात वेळा जिवंत:
सहा आज सकाळचे, त्यांनी घाबरून उघडलेले,
आणि एक कालचा,
स्क्रीनवर कुठेच नाही,
काट्याची वायर दातांत घट्ट.

चार वर्षं हे लपलं, कारण ढमाले जाताना
मेन स्विच खाली ओढायचे.
कालपासून मालकांचा हुकूम:
कॅमेऱ्यासाठी मशीन रात्रभर चालू.

चूक माझी. एक ओळ लिहायची राहिलेली.

त्यांना सांगू लागले:
हे बटण पॅनेलच्या पोटात,
पॅनेल खिडकीच्या पोटात,
खिडकी मात्र कुणाच्याच पोटात नसते.
ती थेट सिस्टिमच्या दारात उभी राहून जागा मागते.
बांधून झाली तरी दिसत नाही,
'दिस' म्हणावं लागतं.
फुली मारली की मिटते.
संपायचंय, हे तिला वेगळं सांगावं लागतं.

"आणि 'वजन मंजूर?' विचारतो तो डबा?"
त्याला धनी आहे. ही खिडकीच.
उत्तर मिळेपर्यंत तो धन्याला हात लावू देत नाही.
"आमच्या मुनीमजींसारखा," ढमाले म्हणाले.
मग जरा थांबून,
"हिच्या वर कोणीच नाही?"
नाही.
"मग बरोबर आहे. सुट्टी कोण देणार तिला?"

बाहेर कुणीतरी हॉर्नवर कोपर ठेवलं होतं.
ओळ लिहिली. साती संपवल्या.
नवी उघडली, ढमाल्यांनी फुली मारली,
यादीत कोणी नाही.
त्यांनी तरी वाकून टेबलाखाली पाहिलं.

पुन्हा उघडली. पहिला ट्रक चढला,
चोवीस हजार तीनशे साठ.
मंजूर.

संध्याकाळी सातला त्यांचा फोन:
"मारली. यादी बघितली. रिकामी."
मग बराच वेळ पंख्याचा आवाज.
"स्विचपाशी उभा आहे, मॅडम.
हात वर गेलाय, खाली येत नाही."