काळजाचा रिपोर्ट

खैरनार मॅडमनी फाइल मिटली आणि पुन्हा उघडली,
तेव्हाच मला कळलं.
अकरा वर्षांत माणसाला बोटांची भाषा वाचता येते.

पहिल्याचं नाव मी आजही तोंडानं घेत नाही.
तो आला तेव्हा आम्ही दोघं होतो, मग मी उरले.
त्याला मी गोळीनं बांधला,
रात्री नऊला, कुकरचा गॅस बंद केला की लगेच.
मध्ये गोळीचा रंग बदलला, वेळ नाही.
कागदावर ‘आढळला नाही’ असं आलं
की सिव्हिलमधून निघून त्र्यंबक नाक्यावर
एक ग्लास रस, बिनबर्फाचा, उभ्यानं.
एवढीच माझी चैन.

आता दुसरा आहे म्हणे.
बी. नुसतं अक्षर, आडनावसुद्धा नाही.
‘कावीळच, पण रक्तातली. लिव्हरमध्ये राहते.’
कधीपासून?
‘सांगता येत नाही. कदाचित पहिल्याच्याही आधीपासून.
तेव्हा हे कुणी तपासत नव्हतं.’

लिव्हर म्हणजे यकृत, असं भिंतीवरचा तक्ता सांगतो.
आमच्याकडे काळीज म्हणतात.
खाटकाकडं पाव किलो मागतात तेही काळीज,
लेक सासरी निघाली की तुटतं तेही.
डॉक्टर गांगुर्डेंनी मशिनचा दांडा बरगडीत टेकवला,
टक्, टक्, दहा वेळा,
आणि म्हणाले, जरा घट्ट झालंय.
मनात म्हटलं, हे तुम्हाला आज कळलं.

मी पिंपळगावच्या बागांत विरळणीला जाते.
ओल धरली की डावणी, थंडी पडली की भुरी,
आणि एखाद्या साली एकाच वेलीवर दोघी.
कडूबाई म्हणते,
डावणीकडं बघत बसलं की भुरी मणी खाते.
डॉक्टरांनी तेच सांगितलं, पंख्याखाली बसून:
पहिल्यानं राखणदार दमवले,
दुसरा निवांत भिंत घट्ट करत बसला.

नवी गोळी किती रुपयांची, मी विचारलं.
‘नवी नाही. तीच.
तुमच्या गोळीतली दोन औषधं दोघांनाही धरतात.
मध्ये कधी बंद केली होती?’

मी खाली बघितलं. चपलेचा अंगठा शिवायला झाला होता.

हर्षालीची सुपारी फुटली तेव्हा.
घरात तिच्या सासरची अकरा माणसं, आठ दिवस,
बाटली तांदळाच्या डब्यात, तळाशी,
आणि स्वयंपाकघरात सतत कुणीतरी.
पाहुणे गेले तरी हात डब्यात जाईना.
महिना होत आला तेव्हा लघवी हळदीसारखी झाली,
भाताचा वास नको झाला, उठवेना.
नणंदेनं वसूच्या मुळ्यांची माळ डोक्यावर ठेवली,
चुन्याच्या पाण्यात माझे हात धुतले,
पाणी पिवळं झालं.
‘उतरली बघ,’ ती म्हणाली.
त्याच रात्री तांदूळ निवडायच्या निमित्तानं
मी डबा उपसला होता.

ती अजून सगळ्यांना माळेचंच सांगते.
सांगू दे.

मॅडम म्हणाल्या, मुलीला तपासा, नसेल तर लस द्या,
तीन सुया, लग्नाआधी.
हर्षालीला नाही. दोन्ही नाही.
हे वाचताना माझ्याकडून शाई पुसली गेली,
अंगठ्याला लागली, पदराला लागली.

पहिली सुई झाली.
ती दंड चोळत विचारते, कसली गं ही?
मी म्हणते, काविळीची.
खरंच तर आहे.
रसवाला दोन ग्लास भरतो, तिच्यात बर्फ.
उरलेलं वाक्य दुसऱ्या सुईला सांगेन.
किंवा तिसरीला. ती माघात आहे.
आत्ता सहाची गाडी पकडायची,
नऊच्या आत घरी पोचायचं.