उत्तराचा रकाना

सेलूत तहसीलसमोर माझं दुकान.
झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा,
शिष्यवृत्तीचे, नॉन-क्रिमीलेयरचे फॉर्म.
लोक चुरगळलेल्या चिठ्ठीवरचा नंबर दाखवतात,
"बगा बरं, आलंय का काही."
मी नंबर टाकतो.
पडद्यावर गोल फिरत राहतं.
प्रलंबित, म्हणतो.
दिवसातून चाळीस वेळा म्हणतो हा शब्द,
आता त्याची चव लागलीय,
कारल्याची लागते तशी, उशिरा.

शटर अर्धं ओढलं
की मी माझा नंबर बघतो.

नुसरतनं केलाय तो तक्ता. उदगीरची.
शाळेत पोरांची वजनं भरते, उंची भरते,
खिचडीचा तांदूळ ग्रॅमात भरते,
म्हणून तिला रकाने आखता येतात:
कविता. कुठं पाठवली. कधी. उत्तर.
नऊ माणसं आहोत.
समोरासमोर भेटलेली त्यातली दोनच,
तीही कुणाच्या तरी वलीम्यात, हात धुताना.
कवितेच्या नावावर बोट ठेवलं की कविता उघडते.
उघडत कुणी नाही. तारखा बघतात सगळे.

आधी वही होती.
मासिकाला पाठवताना आत एक पाकीट घालायचं,
स्वतःचाच पत्ता, स्वतःचंच तिकीट.
महिन्या-दोन महिन्यांनी आपल्याच अक्षरातलं आपलं नाव
पोस्टमन टेकाळे काउंटरवर ठेवायचे,
"तुमचंच तुम्हाला."
त्यांना वाटायचं मी स्वतःला पत्रं लिहितो.
फार चूक नव्हतं ते.
पण वहीला वाटायचं,
नकार जगात एकट्या मलाच येतो.

तक्त्याला तसं वाटत नाही.
गंगाखेडच्या कागणे सरांना त्याच मंगळवारी,
त्याच मासिकाकडून, त्याच अडीच ओळी:
कविता आवडली, परंतु स्थळाभावी.
बाजूला सरांनी लिहिलं,
माझ्या भाच्याचं लग्नबी ह्याच्यामुळंच राहिलंय.
त्या रात्री नऊ गावांत नऊ माणसं हसली असतील.
माझ्या हसण्यानं शटर वाजलं.

मुखेडचा किसन आडे शब्द लिहीत नाही, रंग भरतो.
पिवळा, थांबा. हिरवा, घेतली.
राखाडी, वर्ष झालं, सोडा नाद.
त्याचा अख्खा पट्टा राखाडी,
लांबून उन्हाळी नांगरट केलेल्या रानासारखा.
त्यात मागच्या आषाढात एक हिरवा चौकोन उगवला
आणि आम्ही सगळे बांधावर जमल्यासारखे
तिथं जाऊन टिचकी मारून आलो.

परवा लाईट गेली होती.
मोबाईलवर तक्ता उघडला तर
आत कुणीतरी आधीच होतं.
नाव नाही. नुसती उभी जांभळी काडी
माझ्या ओळीत,
उत्तराच्या रकान्यात,
लुकलुकत.

मी हललो नाही.
खिडकीत चिमणी येऊन बसल्यावर हलत नाहीत तसं.
काडीनं काही लिहिलं, खोडलं.
परत लिहिलं.
मासिकवाले इथपर्यंत कसे येतील, हे मला कळत होतं,
छातीला कळत नव्हतं.
मग अक्षरं थांबली:
"वाचली. तिसरं कडवं काढा. बाकी जमलंय की वो."
आणि काडी गेली.

कोण, ते मी विचारलेलं नाही.
"की वो" तर आम्ही सगळेच म्हणतो.
तिसऱ्या कडव्याचं मात्र मला पटलेलं नाही.
रात्री तीनदा ते कडवं झाकून कविता वाचली.
अजून पटलेलं नाही.

सकाळी रवळगावच्या बाई, हातात चिठ्ठी,
नंबर घामानं पुसट.
"आलंय का?"
गोल फिरलं, फिरलं.
प्रलंबित, म्हणालो.
त्या पदर सावरून पायरी उतरायला लागल्या,
तेव्हा मागून माझ्याच तोंडून निघालं,
"पण कुणीतरी उघडून बगितलंय, मावशी."

तसं काही दिसत नसतं तिथं.