पोचा

खाण बंद पडली त्या वर्षापासून
हिल्याच्या बारच्या तळघरात
भिंतीकडे तोंड करून उभा होता तो.
चारशे डॉलर मोजले मी, शिवाय तिघांच्या पाठी.
लेम्पी दारातूनच म्हणाली, "आणखी एक?"
गॅरेजमध्ये आधीच दोन मुके ज्यूकबॉक्स होते
आणि एक बोबडा.

अंगातला कोट न काढताच मी त्याचं पोट उघडलं.
आत उंदरांनी संसार थाटून मोडलेला,
गाण्यांच्या नावांच्या पट्ट्या कुरतडून
अंथरूण केलेलं:
अर्धी पोल्का, कुठल्याशा बाईचं आडनाव,
बाकीचं पिलांच्या कामी आलं असावं.

हँकॉकवर बर्फ पडत राहिला,
मी व्हॉल्व्ह बदलत राहिलो.
वायरींचं कापडी वेष्टन
हात लावला की भुगा.
वरची वाकडी काच ओहायोहून मागवली,
आली ती दोन बोटं तोकडी.

नाण्यांच्या पेटीत निघाली सात नाणी,
प्रत्येकावर नखांच्या लाल रंगाचा ठिपका.
ही हिल्याची स्वतःची.
बार ओस पडला की आपलंच नाणं टाकायची,
रस्त्यावरच्याला वाटावं, आत माणसं आहेत.

सगळं उलगडत गेलं. उलगडेना तो
उजव्या कुशीचा पोचा.
गुडघ्याच्या उंचीवर, बुटाच्या टोकाएवढा.
रागाचा असता तर एकदाच बसला असता,
हा सवयीचा होता.

मागच्या फळीवर प्रत्येक तबकडीचं एक बारीक चाक,
किती वेळा वाजली ते मोजणारं.
एकोणचाळीस. बावीस. चौसष्ट.
एच-सहा: शून्य.
तबकडी बाहेर काढली.
खाचा नव्या, काळ्या, ओल्या दिसाव्यात अशा.

वाईट वाटलं, का ते सांगता येणार नाही.
कुणालाच नको होतं म्हणजे.

मग गुरुवारी, भिंग लावून बसलो असताना
दिसली ती तार:
जागेवर आणून नुसतीच टेकवलेली.
कारखान्यातल्या कुणाचा तरी
डाग द्यायचा राहिला होता.
जेवणाची घंटा झाली असेल. काहीही असेल.

ऊर्हो माकीला फोन केला, वय ब्याण्णव.
"एच-सहा?" तो हसायलाच लागला.
"पैसे गिळायचा, वाजायचा नाही.
तोइनी दर शनिवारी तेच बटण दाबायचा
आणि मग लाथ घालायचा."
गाणं कोणतं होतं?
"अरे, ऐकलंय कुणी?"

म्हणजे नाणं पोचत होतं,
बोट पोचत होतं,
गाणं तेवढं पोचत नव्हतं,
म्हणून पोचायची ती लाथ.

डाग दिला. राळेचा धूर डोळ्यांत गेला.
लेम्पीला बोलावलं, लाल ठिपक्याचं नाणं तिच्या हातात ठेवलं.
आतला हात जरा चाचपडला,
रांगेतून नेमकी तीच तबकडी उचलून
सुईखाली घेऊन आला.

गाणं तसं बरं होतं.
मधेच एक ट्रम्पेट घाईघाईने शिरतो
आणि चूक कळल्यासारखा गप्प होतो.
लेम्पी म्हणाली, "यासाठी लाथा?"
आणि तरीही संपेपर्यंत उभी राहिली,
हातातलं फडकं तसंच.
मागे चाक एका दात्याने सरकलं.

बाकी सगळीकडे पॉलिश केलं मी.
पोचा ठोकून काढला नाही.
काल त्याच्या कडेने रंग लावून उठताना
बुटाचं टोक
अलगद त्यात बसलं.